वेणीची एक फोड आणि तिच्या बारा प्रती

बहिणीचा मुलगा आठवीत आहे. शाळेत कॅलिडोस्कोप करून आणायला सांगितला होता, म्हणून आम्ही फ्रेम करणाऱ्या दुकानातून काचेच्या तीन पट्ट्या कापून आणल्या. आठ इंच लांब, दीड इंच रुंद. मागच्या बाजूला काळा कागद लावला आणि तीन पट्ट्या त्रिकोणात उभ्या करून चिकटपट्टीनं बांधल्या. काकणांचे तुकडे आणि बटर पेपर लावायचा अजून बाकी होता. तेवढ्यात तो ती उघडी नळी डोळ्याला लावून घरभर फिरायला लागला आणि फिरत फिरत माझ्या टेबलापाशी आला.

मी डीटीपीचं काम करते. त्या दिवशी स्क्रीनवर एका चप्पलच्या दुकानाचं कॅटलॉग चालू होतं आणि कापशी या कोल्हापुरी चपलेच्या वेणीचा अगदी जवळून काढलेला फोटो उघडा होता. नळीतून तो बघून पोरगं ओरडलंच, "मावशी, वेणीचं फूल झालंय बघ!" आणि लगेच पुढचा प्रश्न, "हे कॉम्प्युटरवर करता येतंय काय?"

येतंय. बटण दाबून दोन मिनिटांत येतं. पण एकदा तरी हातानं करून बघावं असं माझं ठाम मत आहे. नुसतं बटण दाबणाऱ्याला दहापैकी नऊ वेळा नक्षी न मिळता नुसता गोल गोंधळ मिळतो आणि तो का झाला हेही कळत नाही. हातानं केलं की एक गोष्ट पक्की डोक्यात बसते. अख्खा फोटो या चित्रात कधीच येत नाही. येते ती त्याची एक फोड, कलिंगडाची असते तशी. ती कुठून आणि किती रुंद कापली, यावर सगळं चित्र ठरतं.

आरसे काय करतात

दोन आरसे वहीच्या पानांसारखे उघडे धरा आणि मध्ये एखादा मणी ठेवा. आरशांतला कोन ६० अंश असेल तर पूर्ण वर्तुळाचे, म्हणजे ३६० अंशांचे, सहा भाग पडतात. एका भागात खरा मणी आणि उरलेल्या पाच भागांत त्याची प्रतिबिंबं. कोन ४५ केला की आठ भाग, ३० केला की बारा. कोन जितका अरुंद तितक्या फोडी जास्त.

आता हे भाग सगळे सारखे नसतात. आरसा डावं-उजवं उलटवतो. त्यामुळे पहिली फोड सुलट, शेजारची उलट, तिच्या शेजारची परत सुलट. ही सुलट-उलट माळ वर्तुळ पुरं करून जिथून निघाली तिथे नीट येऊन मिळायची तर फोडींची संख्या सम लागते. ७२ अंशांचा कोन धरला तर पाच फोडी होतात आणि मागच्या बाजूला जोड चुकतो, कारण सुलट फोडीला लागून सुलटच फोड यायला बघते. पाच पाकळ्यांचं फूल हवं असेल तर कोन ३६ घ्यायचा. दहा फोडी, म्हणजे सुलट-उलट अशा पाच जोड्या. हा नियम लक्षात ठेवा, कॉम्प्युटरवर जशाच्या तसा लागतो: १८० भागिले पाकळ्यांची संख्या, की आला एका फोडीचा कोन.

कॅलिडोस्कोपचा शोध स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञानं १८१६ साली लावला आणि १८१७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. प्रकाशाच्या परावर्तनावर त्याचं काम चालू होतं, त्यातूनच हे निघालं. नावातले तिन्ही तुकडे ग्रीक आहेत: सुंदर, आकार, पाहणे. मराठीत काही जण शोभादर्शक म्हणतात, मला तो शब्द आवडतो.

ज्यांना आरशांपेक्षा कागद जवळचा वाटतो त्यांनी आकाशकंदिलाचं कातरकाम आठवावं. पतंगी कागदाची घडी घालायची, परत घडी, परत घडी, आणि मग कोपऱ्यावर एक चंद्रकोर कातरायची. उलगडल्यावर चहूकडे तीच नक्षी. कातर एकदाच चालली, पण घड्यांमुळे ती सगळ्या थरांत उतरली. सॉफ्टवेअर फोटोला हेच करतं, त्याला घड्या घालतं.

हातानं करायची रीत

मी गिम्प हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर वापरून सांगते, कारण तो फुकट आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. फोटोशॉपवाल्यांनी मधल्या सूचना बघाव्यात.

नवा कॅनव्हास २८०० बाय २८०० पिक्सेलचा घ्या. त्याचा मध्यबिंदू आडवा १४००, उभा १४००. आपला फोटो त्यावर लेअर, म्हणजे वेगळा थर, म्हणून टाका आणि हवा तो भाग मध्याच्या वर, उजव्या अंगाला येईल असा सरकवा. मी वेणीचा तो तुकडा घेतला जिथे तीन वाद्या एकमेकींवर चढतात आणि कडेला टाक्याचा पांढरा दोरा दिसतो.

आता ३० अंशांची फोड कापायची. कोनमापक लागत नाही. मध्यापासून सरळ वर १२०० पिक्सेल जा. तिथून आडवं किती जायचं? १२०० गुणिले ०.५७७, म्हणजे ६९३ पिक्सेल. तर फ्री सिलेक्ट टूलनं तीन बिंदू टिचकायचे (पहिला आकडा डावीकडून, दुसरा वरून खाली मोजलेला): (१४००, १४००), (१४००, २००) आणि (२०९३, २००). परत पहिल्या बिंदूवर टिचकी, की त्रिकोण बंद. फोटोशॉपमध्ये यासाठी पॉलिगोनल लासो आहे. चार पाकळ्यांसाठी ६९३ च्या जागी १२०० घ्या, पाचसाठी ८७२, आठसाठी ४९७. त्रिकोण काढायची रीत तीच, प्रतींची संख्या आणि फिरवायचे अंश मात्र पाकळ्यांप्रमाणे बदलतात, आणि पाचचं खालचं टोक या कॅनव्हासबाहेर थोडं जातं.

हा त्रिकोण कॉपी करून नव्या लेअरवर ठेवा. इथे नवशिका हमखास अडकतो. लेअर उलटवायला सांगितला की सॉफ्टवेअर तो लेअरच्या स्वतःच्या मध्याभोवती उलटवतं, आपल्या कॅनव्हासच्या मध्याशी त्याला देणंघेणं नसतं. मग फोड भलतीकडे जाते आणि माणूस ती माऊसनं ढकलून जुळवत बसतो. ढकलून अचूक कधीच जुळत नाही. त्यापेक्षा लेअर मेनूमधलं 'लेअर टू इमेज साइझ' दाबा. फोड आहे तिथेच राहते, पण लेअर कॅनव्हासएवढा होतो आणि दोघांचा मध्य एक होतो. मग त्याची प्रत काढून आडवी उलटवली की ती बरोबर १४०० च्या रेघेला येऊन चिकटते. फोटोशॉपमध्ये फ्री ट्रान्स्फॉर्म करताना रेफरन्स पॉइंट नावाचं छोटं चिन्ह असतं, ते कॅनव्हासच्या मध्यावर नेऊन ठेवायचं. नव्या आवृत्त्यांमध्ये ते सुरुवातीला दिसत नाही, वरच्या पट्टीतल्या चौकोनात बरोबरची खूण केली की दिसतं.

सुलट आणि उलट या दोन फोडी एकत्र मर्ज करा. ही झाली आपली जोडी, एक पाकळी. तिच्या पाच प्रती काढा आणि अनुक्रमे ६०, १२०, १८०, २४०, ३०० अंशांत फिरवा. षटकोनी फूल तयार. १४ पिक्सेलपासून २७८६ पर्यंत ते कॅनव्हासमध्ये नेमकं बसतं, म्हणूनच २८०० घेतलं होतं.

फिरवताना प्रत्येक प्रत मूळ जोडीवरून काढा, आधी फिरवलेल्या पाकळीवरून नको. पिक्सेल हे चौकोनी खाचरांसारखे असतात. चित्र ६० अंशांत फिरलं की जुन्या खाचराचा कोपरा नव्या तीन-चार खाचरांवर पडतो आणि सॉफ्टवेअरला रंगांची सरासरी काढावी लागते. सरासरी म्हणजे थोडा पुसटपणा. एकदा झाला तर डोळ्याला कळत नाही. फिरवलेलं परत फिरवत गेलात तर पाचव्या पाकळीला टाक्याचा दोरा लोण्यात बुडवल्यासारखा दिसतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि टी एकदम दाबलं की प्रत निघून आधीसारखीच फिरते. सोय मोठी आहे, पण ती प्रत शेवटच्या प्रतीवरून निघते. झटपट बघायला ठीक, छापायच्या कामाला नको. ९०, १८० आणि २७० अंशांना मात्र ही भीती नाही, खाचरं खाचरांवर बरोबर बसतात.

ती पांढरी केसाएवढी रेघ

मी सुरुवातीला हे शिकले तेव्हा एका कापडी पिशवीसाठी असंच फूल केलं होतं. स्क्रीनवर झकास दिसलं. छापून आलं तर प्रत्येक दोन पाकळ्यांमध्ये केसाएवढी पांढरी रेघ! चूक छापणाऱ्याची नव्हती, माझ्याच फाइलमध्ये ती रेघ होती. लहान करून बघत होते म्हणून स्क्रीनवर दिसली नाही.

ती येते कशी ते नीट समजून घ्या, कारण फोटो जोडायच्या कुठल्याही कामात हे उपयोगी पडतं. तिरकी कड पायऱ्यांसारखी दिसू नये म्हणून सॉफ्टवेअर कडेचे पिक्सेल अर्धे पारदर्शक ठेवतं. आता शेजारच्या पाकळीची कडही अर्धी पारदर्शक. आपल्याला वाटतं अर्धा आणि अर्धा मिळून पूर्ण झालं. पण पारदर्शकतेची बेरीज होत नाही. खालची पाकळी पार्श्वभूमीचा निम्मा भाग झाकते. वरची पाकळी उरलेल्या निम्म्याचा निम्मा झाकते. एकूण झाकलं गेलं ७५ टक्के, आणि २५ टक्के पांढरं मागून डोकावतं. तीच ती रेघ.

उपाय सोपा आहे. शिवणकामात जसा शिवणीसाठी कापड जास्त धरतात, तसा फोडीला तिरक्या बाजूनं दोन पिक्सेलचा दाब ठेवायचा. वरच्या तीन बिंदूंत पहिला (१४००, १४०४) करा आणि तिसरा (२०९५, २००). टोक चार पिक्सेल खाली गेलं, वरचा कोपरा दोन पिक्सेल उजवीकडे, त्यामुळे पूर्ण तिरक्या कडेला सारखा दोन पिक्सेलचा दाब मिळतो. पाकळ्या एकमेकींवर तेवढ्या चढतात आणि रेघ नाहीशी होते. उभ्या कडेला काही करावं लागत नाही, ती पिक्सेलच्या हद्दीवरूनच गेलेली असते.

फिल्टर आत काय करतो

आता बटण. गिम्पमध्ये फिल्टर्स, मग डिस्टॉर्ट्स, मग कॅलिडोस्कोप. फोटोशॉपमध्ये या नावाचा फिल्टर मुळातच नाही, तिथे वरची हाताची रीतच चालते.

फिल्टर आपल्यासारखा फोडी कापत नाही. तो उलट्या बाजूनं काम करतो. नव्या चित्रातल्या एकेका पिक्सेलला विचारतो, "तू मध्यापासून किती लांब आहेस आणि किती अंशांवर?" मग त्या अंशांना घड्या घालतो. समजा फोड ३० अंशांची आहे, म्हणजे जोडी ६० ची. २०० अंशांवरचा पिक्सेल घ्या. २०० मधून ६० जितक्या वेळा जातात तितके काढा: १८० गेले, २० उरले. २० हे ३० च्या आत आहेत, म्हणजे सुलट फोड, म्हणून मूळ फोटोतला २० अंशांवरचा, तेवढ्याच अंतरावरचा रंग आणायचा. आता २३० अंशांवरचा. १८० काढले, ५० उरले. ५० हे ३० च्या पुढे, म्हणजे उलट फोड. मग ६० वजा ५०, आले १०. दहा अंशांवरचा रंग आणा. झालं. एवढ्याच हिशेबावर सगळा कॅलिडोस्कोप उभा आहे.

भाच्याला मी हे कागदावर करून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे घड्याळासारखं, १७ वाजले म्हणजे पाच वाजले." अगदी तसंच. फक्त अर्ध्या तासानंतर काटा माघारी यायला लागतो असं धरायचं.

या रीतीत जोड नसतातच, म्हणून पांढरी रेघही येत नाही. प्रत्येक पिक्सेल मूळ फोटोतून एकदाच रंग आणतो, त्यामुळे पुसटपणाही साठत नाही. शिवाय फोडीच्या कडेवरचा पिक्सेल सुलट बाजूनं मोजला काय, उलट बाजूनं मोजला काय, एकाच जागी पोचतो. म्हणून शेजारच्या फोडी आपोआप जुळतात. न उलटवता नुसतं फिरवलं असतं तर एका फोडीची उजवी कड दुसरीच्या डाव्या कडेला भिडली असती, आणि दोन्हींवर वेगळं काहीतरी असतं. मग भिरभिऱ्यासारखं चित्र होतं. तेही सुंदर दिसतं कधीकधी, फिरण्याचा भास होतो, पण जोड लपत नाहीत.

फिल्टरच्या खिडकीत बरेच सरकते पट्टे दिसतील. घाबरू नका, तीनच महत्त्वाचे आहेत. मिररची संख्या, मिररचं रोटेशन, आणि सेंटरचे दोन पट्टे. सेंटर सरकवणं म्हणजे फोड फोटोवर कुठून कापायची ते बदलणं. खऱ्या नळीत काकणं हलवल्यावर जी मजा येते ती इथे आहे. माझा वेळ नेहमी इथेच जातो आणि तो जाऊ द्यावा. एकाच फोटोतून दहा मिनिटांत चाळीस वेगळी फुलं निघतात. एकच सांभाळा: फोड फोटोच्या हद्दीबाहेर गेली की फिल्टर उरलेली जागा कशानं तरी भरतो आणि तिथे एक कडक रेघ उमटते. दिसली की सेंटर थोडं आत आणा.

मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० आला, त्यात फिल्टर लावल्यानंतरही परत उघडून आकडे बदलता येतात. आधी चुकलं की मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागायची.

जाता जाता एक. पोलर कोऑर्डिनेट्स नावाच्या फिल्टरला काही जण कॅलिडोस्कोप समजतात. तो सरळ पट्टी वाकवून गोल करतो, त्यात सरळ रेघेची वर्तुळं होतात. आरसा रेघ कधी वाकवत नाही, फक्त मोडतो.

फोटो कुठला घ्यायचा

हे मोडणं समजलं की फोटो निवडायची दृष्टी येते. फोडीतून एक सरळ रेघ आडवी जाते आहे असं धरा. ती ज्या कडेला काटकोनात भिडते तिथे आरशापलीकडे तशीच सरळ पुढे जाते, कारण प्रतिबिंब तिच्याच रेषेत येतं. जिथे तिरकी भिडते तिथे कोपरा पडतो. म्हणजे एका कडेला काटकोन आणि दुसरीला तिरकी असेल तर सहा पाकळ्यांत शुद्ध षटकोन मिळतो. दोन्हीकडे तिरकी असेल आणि मध्याच्या बाजूचा एक कोन काटकोनापेक्षा मोठा असेल तर आत-बाहेर टोकं निघून चांदणी होते. मध्यातून बाहेर जाणारी रेघ चाकाच्या आऱ्या होते.

रंकाळ्यावर संध्याकाळी काढलेला फोटो माझ्याकडे होता. पलीकडच्या काठाची काळी किनार, वर केशरी आकाश, खाली पाणी. अख्खा वापरला तर आकाशामुळे निम्मं फूल नुसतं केशरी, काही हाती लागेना. मग फोन तिरका धरून काढलेला दुसरा फोटो घेतला, त्यात काठाची रेघ कलंडलेली होती. त्यातून सहा टोकांची काळी चांदणी निघाली, आत पाण्याची चकाकी आणि बाहेर आकाश. कलंडलेला म्हणून टाकून द्यायच्या लायकीचा फोटो इथे कामाला आला.

उलट अनुभव खिद्रापूरचा. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी कोपेश्वराचं मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध गोल आभाळ मोकळं सोडलेलं आहे, भोवती खांबांचं वर्तुळ. खाली उभं राहून वर बघितलं की वाटतं, हाच तर कॅलिडोस्कोप. मी तो फोटो मोठ्या आशेनं फिल्टरला दिला. निघालं काय, जवळपास तसंच चित्र, फक्त दगडाचा जिवंतपणा जाऊन गुळगुळीत झालेलं. कारागिरांनी सममिती आधीच साधलेली आहे, त्यावर आणखी आरसे लावून काय होणार? झेंडूचं फूल, चाकं, गोल रांगोळी यांचंही तेच. या खेळाला वेडंवाकडं, एका अंगाला झुकलेलं, कडा ठळक असलेलं काहीतरी द्या. भाजी मंडईतली मिरच्यांची रास, गुऱ्हाळातल्या चिपाडांचा ढीग, हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचा गुंता, चपलेची वेणी.

माणसांचे चेहरे नकोत. फोड डोळ्यावर पडली की बारा डोळे रोखून बघायला लागतात, लहान मुलं घाबरतात.

फोडीच्या टोकाकडे काय ठेवायचं हेही बघा. ३० अंशांच्या फोडीची रुंदी कुठेही मध्यापासूनच्या अंतराच्या साधारण निम्मी असते. शंभर पिक्सेलवर गेलात तर रुंदी फक्त बावन्न. तिथे बारीक काम ठेवलंत तर त्याचा चिखल होतो. टोकाकडे एखादा साधा, भरीव रंग ठेवा आणि बारकावा बाहेरच्या अंगाला. वेणीच्या फुलात मी टोक चपलेच्या साध्या तपकिरी पट्ट्यावर ठेवलं आणि पांढरा टाका बाहेर आणला, तेव्हा कुठे ते फुलासारखं दिसलं.

अजून एक फरक मला फार जाणवतो. खऱ्या नळीत प्रत्येक परावर्तनाला थोडा उजेड कमी होतो, त्यामुळे खरी फोड उजळ आणि लांबच्या फोडी अंधुक. नजर आपोआप खोल जाते. कॉम्प्युटरच्या बाराही फोडी सारख्याच लख्ख असतात, म्हणून चित्र छापील फरशीसारखं चपटं वाटतं. मी शेवटी वर एक काळा लेअर टाकते, मध्ये पारदर्शक आणि कडेला गडद होत जाणारा, पंधरा-वीस टक्क्यांचाच. आणि पाकळ्या हातानं फिरवलेल्या असतील तर एक-दोन पाकळ्यांचा उजेड किंचित उतरवते. तेवढ्यानं त्यात हवा शिरते.

एका फुलाऐवजी अख्खं कापड

भाच्याच्या नळीत एक फूल न दिसता फुलांचं शेतच दिसत होतं, कारण तिला तीन आरसे आहेत. प्रतिबिंबाचं प्रतिबिंब, त्याचं प्रतिबिंब असं ते चहूकडे पसरत जातं. पण कुठल्याही त्रिकोणानं हे साधत नाही. तिन्ही कोपऱ्यांत फुलं जुळायची तर तिन्ही कोन १८० ला पूर्ण भाग जाणारे हवेत आणि तिघांची बेरीजही १८० हवी. असे त्रिकोण तीनच आहेत: ६०-६०-६०, ४५-४५-९० आणि ३०-६०-९०. चौथा नाहीच.

साडीचा काठ, गिफ्टचा कागद, वहीचं कव्हर असं काही करायचं असेल तर त्रिकोणात पडू नका, चौकोनाची सोपी वाट आहे. फोटोतून एक चौकोन कापा. त्याची प्रत उजवीकडे आडवी उलटवून लावा. आता या दोघांची प्रत खाली उभी उलटवून लावा. चार चौकोनांची ही फरशी झाली. ती कितीही वेळा शेजारी शेजारी मांडा, जोड दिसणार नाही. यात फिरवणंच नाही, नुसतं उलटवणं, त्यामुळे पुसटपणाचा प्रश्नच येत नाही.

छापायचं असेल तर इंचाला ३०० पिक्सेल धरा. वरचं २४०० पिक्सेल उंचीचं फूल आठ इंचांचं छापता येतं. मोठं हवं असेल तर सुरुवातीलाच आकडे त्या पटीत वाढवा, नंतर ताणू नका.

अंगणात

रंकाळ्याची ती चांदणी भाच्याला इतकी आवडली की दिवाळीत दारात तीच रांगोळी काढायची म्हणून हटून बसला. इथे फोडीचा खरा फायदा झाला. अख्खं चित्र छापायची गरजच नव्हती. सोळा इंच लांब आणि टोकाला सव्वानऊ इंच रुंद अशी एकच फोड, नुसत्या रेघांची, ए-थ्री कागदावर मावली. रेघांवरून सुईनं भोकं पाडली. पातळ कापडाच्या पुरचुंडीत रांगोळी घेऊन वरून थोपटलं की खाली ठिपक्यांची नक्षी उमटते. मग कागद उलटा करून शेजारी, परत सुलट, परत उलट, असं बारा वेळा.

पहिल्या खेपेला बाराव्या फोडीतली रेघ पहिलीला येऊन मिळालीच नाही, अर्धा इंच चुकली. आम्ही खडूच्या रेघा अंदाजानं आखल्या होत्या आणि प्रत्येक फोडीत थोडं थोडं साठत गेलं. सगळं पुसलं. मध्यात खिळा धरून सोळा इंचाच्या दोऱ्यानं वर्तुळ काढलं. मग तोच दोरा वर्तुळाच्या कडेवर टप्प्याटप्प्यानं टेकवत गेलो. त्रिज्येएवढा दोरा वर्तुळावर बरोबर सहा वेळा बसतो. सहा खुणा झाल्या, प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये एक, अशा बारा. दुसऱ्या खेपेला बारावी फोड थोपटून कागद उचलला, आणि काठाची काळी रेघ पहिलीत सरळ जाऊन मिळाली.